सांडलं तर पहिल्यापासून

जर्मन लोकांचा बीअरचा उत्सव पानगळीतला, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबरातला. न्यूझीलंडमध्ये पानगळ एप्रिलमध्ये येते. म्हणून रुआपेहू डोंगराखालच्या एका छोट्या गावात ऑक्टोबरचा उत्सव एप्रिलमध्ये करतात, आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटत नाही. हॅमिल्टनहून गाडीनं तीन तास. मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदा वडिलांना घेऊन गेलो. मुद्दाम घेऊन गेलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल चांगला समज करून घ्यायला नको.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा पुण्यातल्या एका शाळेत पी.टी.चे सर होते. चहासुद्धा दिवसातून एकदाच, तोही अर्धा कप. बीअर, वाइन, व्हिस्की हे सगळं त्यांच्या लेखी एकच, दारू. ज्या घरात दारू शिरते त्या घराची राखरांगोळी होते, हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की मला वाटायचं, ही फटाक्यात भरतात तीच दारू असणार.

मी एकोणीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला, त्या दुपारी आम्ही तिघा मित्रांनी मिळून बीअरची एक बाटली संपवली. तिघांत एक. तेवढ्यानं झुरळालाही चढली नसती. पण अण्णांना दारातच वास आला. त्यांनी हात उचलला नाही. ते कधीच हात उचलत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा तांब्या घेतला, काठोकाठ भरला आणि मला खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेलं. शाळेत पोरांना देत तीच शिक्षा. उजवा हात समोर, खांद्याच्या रेषेत, कोपर ताठ, हातात तांब्या.

“थेंब सांडला तर पहिल्यापासून,” अण्णा म्हणाले आणि घड्याळ बघत शेजारी उभे राहिले.

संध्याकाळी सहाची वेळ. सगळी सोसायटी ऑफिसातून घरी येत होती. लोक स्कूटर लावत आणि माझ्याकडे न बघता जिना चढून जात. त्यांनी टक लावून बघितलं असतं तरी चाललं असतं. चौथ्या की पाचव्या खेपेला आई खाली आली आणि पदरानं माझं कपाळ पुसायला लागली. माझा हात हलला, पाणी तिच्या पायावर सांडलं. अण्णा तिला म्हणाले, “बघ, तुझ्यामुळे आता पुन्हा पहिल्यापासून.” आई वर निघून गेली. मला खरा राग आला तो त्या वाक्याचा. बाकीचं मी कदाचित विसरलोही असतो. इथून लांब जायचं, हे मी त्या पार्किंगमध्ये ठरवलं, आणि नकाशावर न्यूझीलंडपेक्षा लांब काही दिसलं नाही.

सव्वीस वर्षांनी आई वारली, आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत अण्णा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा स्वेटर काढून द्यायला मी बॅग उघडली, तर तळाशी एक प्लास्टिकचं फोल्डर. त्यात त्यांचा जन्माचा दाखला, आईच्या मृत्यूचा दाखला, छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि पोलिसांनी दिलेला चारित्र्याचा दाखला. तीन महिने पाहुणा म्हणून राहायला यातलं बरंचसं लागत नाही. आईवडिलांना काही वर्षं ठेवून घ्यायचा जो व्हिसा असतो, त्याला लागतं. त्या व्हिसाला आणखी एक गोष्ट लागते, मुलाची सही.

म्हणजे अण्णा राहायला आले होते. पण तसं विचारायचं तर माझ्यापुढे हात पसरावा लागणार, आणि ते काही त्यांच्या जिभेवर येईना. मी फोल्डर होतं तिथे ठेवून दिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. म्हटलं, विचारू दे. एकदा तोंडानं विचारू दे.

अण्णा आडून आडून यायचे. “गॅरेजशेजारची ती खोली रिकामीच असते का रे?”

“हो. ओल येते तिथे.”

“खिडकी उघडी ठेवली की ओल जाते.”

“मग थंडी येते.”

दोन दिवसांनी दुसरं काहीतरी. “इथे माझे गुडघे जरा बरे आहेत.”

“उन्हाळा आहे म्हणून,” मी म्हणायचो.

ज्या माणसानं आयुष्यात जेवलेलं ताट उचललं नाही, तो डिशवॉशर लावायला शिकला. सकाळी उठून मशीनमधले कपडे काढून मागच्या अंगणात दोरीवर वाळत घालायला लागला, माझ्या चड्ड्यासुद्धा. ते बघत असताना मी डिशवॉशर उघडायचो आणि त्यांनी लावलेली भांडी काढून पुन्हा माझ्या पद्धतीनं लावायचो. अण्णा शेजारी उभे राहून शिकायचे. मला त्यात सुख वाटायचं. खोटं कशाला बोलू?

बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माणसं झिजताना तिनं रोज पाहिलेली. ती म्हणाली, “अरे, सांगून टाक ना त्यांना, राहा म्हणून. फॉर्म भरायला एक दुपार लागेल.”

“त्यांनी विचारायला पाहिजे.”

“ते नाही विचारणार. तूही त्यांचाच मुलगा आहेस.”

“मग नाही,” मी म्हटलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे दोन सुंभ होते.

परतीच्या तिकिटाला बारा दिवस उरले असताना शनिवारी आम्ही चौघं त्या उत्सवाला गेलो. मी, बायको, सोळा वर्षांची मुलगी आणि अण्णा. येताना बायको गाडी चालवणार होती. गावाबाहेरच्या मैदानावर पांढरा मंडप, मागे डोंगर, त्याच्या टोकावर वर्षातला पहिला बर्फ. जर्मन असा एकही माणूस नव्हता. अकॉर्डियनवाला इथल्याच पोरिरुआ गावाहून आलेला, आणि आसपासचे शेतकरी चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून, खाली गमबूट. मुलीनं स्टॉलवरून पिसाची हिरवी टोपी आणून आजोबांच्या डोक्यावर घातली. एरवी अण्णांनी ती भिरकावून दिली असती. त्या दिवशी टोपी घालून, हातात जिलबीसारखा वळलेला खारा पाव घेऊन ते बाकावर ताठ बसून राहिले. नात त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं छान चाललं होतं.

मी एक लिटरचा मग आणला आणि बरोबर त्यांच्या समोर बसलो. त्यांच्या डोळ्यांत बघत पहिला घोट घेतला. सत्तावीस वर्षं मी या घोटाची वाट पाहिली होती. अण्णा म्हणाले, “फार गार आहे का रे? घसा धरेल हं.”

एवढंच. ना राख, ना रांगोळी. मला हसू यायला हवं होतं, पण माझं डोकंच फिरलं. या माणसाला आता माझा धाकसुद्धा मान्य होता. भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात मंचावरून एका चामडी चड्डीवाल्यानं माइक हातात घेऊन माओरीत नमस्कार ठोकला. “किया ओरा, किया ओरा! स्ट्रेट आर्म, नो बेंडिंग, नो स्पिलिंग, नो सिपिंग!” या उत्सवात एक स्पर्धा असते. काठोकाठ भरलेला लिटरचा मग हात ताठ करून समोर धरायचा. कोपर वाकलं, हात खाली आला किंवा बीअर सांडली, की बाद. शेवटी उरेल तो जिंकला. पहिल्या वर्षी हातांची ती रांग पाहून मी तडक मंडपाबाहेर निघून गेलो होतो, आणि बायकोला वाटलं होतं की बीअर जास्त झाली. मी अण्णांना तिथे आणलं होतं ते यासाठी. त्यांनी ती रांग बघावी आणि त्यांच्या चेहऱ्याचं काय होतं, ते मी बघावं.

बायकांची फेरी आधी झाली. अण्णा मान पुढे काढून बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो.

“खांद्याच्या रेषेत नाहीयेत हात,” ते म्हणाले. “ती लाल स्कर्टवाली बघ, खांदा वर उचलतीये. टिकायची नाही.”

लाल स्कर्टवाली लगेच बाद झाली. अण्णा खूश झाले.

“अण्णा, हे बघून काही आठवतंय का?”

“काय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपीचं पीस हलत होतं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मी जे सत्तावीस वर्षं सांभाळलं होतं, ते त्यांनी कधीच झाडून टाकलं होतं. शाळेत किती पोरांना तसं उभं केलं असेल, त्यातला मी एक.

मग मी ते बोललो. “फोल्डर पाहिलंय मी तुमचं. पहिल्याच आठवड्यात.”

अण्णांनी हातातला पाव खाली ठेवला.

“आता पुरुषांची फेरी आहे. आपण दोघं उभं राहू. माझ्यापेक्षा जास्त वेळ धरलंत, तर सोमवारी फॉर्म भरतो.”

“अरे, काय बोलतोयस तू?” बायको ओरडली. “बहात्तर वय आहे त्यांचं!”

“गंमत करतोय,” मी म्हटलं. पण मी अण्णांकडे बघून म्हटलं नाही, आणि त्यांना शिकवायची सवय असल्यामुळे समोरचा कधी गंमत करतो आणि कधी नाही, हे बरोबर कळतं. ते उठले. जॅकेट काढून, घडी घालून नातीकडे दिलं. मनगटावरचं घड्याळ काढून तिच्याच हातात ठेवलं. टोपी काढायची ते विसरले.

“त्यात पाणी भरून देतील का?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“नाही अण्णा. बीअरच धरावी लागते.”

“बरं,” ते म्हणाले.

आम्ही बारा जण होतो. माझ्या उजवीकडे अण्णा, त्यांच्या पलीकडे गमबूटवाला एक आडदांड शेतकरी. अण्णांच्या हातात मग आला तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग दोन पावलांत अंतर घेतलं, पोट आत, नजर समोर मंडपाच्या खांबावर. मीही तेच केलं, त्याच खांबावर. आम्हाला दोघांना एकाच माणसानं शिकवलं होतं.

पहिल्या मिनिटात पाच जण गेले. दुसऱ्यात चार. पोरं दातओठ खात होती, खांदे उचलत होती, हसत होती, आणि हसलं की हात जातो. अडीच मिनिटांनी गमबूटवाल्याचा मग खाली आला. त्यानं तो तिथेच अर्धा पिऊन टाकला आणि अण्णांना म्हणाला, “गुड ऑन यू, ग्रँडडॅड!” आता आम्ही दोघंच उरलो. मंडपातले सगळे लोक टेबलं बडवायला लागले, अर्थातच अण्णांच्या बाजूनं.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. अण्णांच्या हाताची कातडी आता सैल झाली आहे, ती थरथरत होती. कपाळावरून घाम टोपीच्या कडेनं खाली येत होता. ते पुटपुटत आकडे मोजत होते. आणि मला एवढंच करायचं होतं, की हात खाली घ्यायचा. कुणाला कळलंही नसतं. माझंही कोपर जळत होतं, बोटं बधिर झाली होती, हात आपोआपच येत होता खाली. सोमवारी एक दुपार फॉर्म भरला असता, आणि गॅरेजशेजारच्या खोलीची खिडकी उघडी राहिली असती.

मी हात तिथेच ठेवला. आणि ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, “सांडलं तर पहिल्यापासून, अण्णा.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खांबावरची नजर सुटली की हात जातो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. हातातला मग कलला. बीअर त्यांच्या बाहीतून आत गेली, छातीवर, पँटवर. शिट्टी वाजली. मी आणखी थोडा वेळ हात तसाच धरला. त्याची काही गरज नव्हती.

बक्षीस म्हणून एक काचेचा मग मिळाला. अण्णा बाही पिळत माझ्याजवळ आले. अंगाला दारूचा वास येत होता, आयुष्यात पहिल्यांदा. “चांगलं धरलंस,” ते म्हणाले. “कोपर अजिबात हललं नाही तुझं.”

मी एकोणीस वर्षांचा असताना हे ऐकायला काहीही दिलं असतं. आता ऐकलं आणि बाथरूम शोधायला गेलो.

परत येताना मी पुढे बायकोशेजारी बसलो. मुलगी मागे अण्णांशेजारी बसली होती, त्यांचं घड्याळ अजून तिच्याच हातात. टाउपोच्या अलीकडे ती म्हणाली, “बाबा, यू कुड हॅव जस्ट लेट हिम विन.” मी झोपल्याचं सोंग घेतलं. त्यानंतर कितीतरी वेळानं, हॅमिल्टनची दुकानं दिसायला लागल्यावर, अण्णा मागून म्हणाले, “तुझा शेवटचा पेपर होता त्या दिवशी.”

मी मागे वळलो नाही.

“तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती,” ते म्हणाले. पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबलो. आलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण ते तेवढंच बोलले आणि बायकोनं गाडी घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उशिरा उठलो. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. “आजोबा इज डुइंग इट अगेन,” ती म्हणाली.

मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीखाली चौकोनी सिमेंट आहे. त्यावर अण्णा उभे होते. पायात आम्ही घेऊन दिलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात धुतलेला शर्ट, मागे वाळत घातलेले आमचे कपडे. उजवा हात समोर, खांद्याच्या रेषेत. हातात बक्षिसाचा मग, पाण्यानं काठोकाठ भरलेला. तोंड खिडकीकडे.

सांडलं होतं ना त्यांचं. नियमाप्रमाणे ते पहिल्यापासून धरत होते.

त्यांचं विचारणं ते हेच, मला कळलं. यापेक्षा स्पष्ट ते कधीच विचारू शकले नसते. मी तीन महिने ज्याची वाट पाहत होतो ते माझ्या अंगणात उभं होतं. बायको म्हणाली, “जा. घे तो मग त्यांच्या हातातून. तुला हात जोडते.”

“सवय आहे त्यांना,” मी म्हटलं. मग बाहेर जाऊन गॅरेजमधून गवत कापायचं मशीन काढलं.

मशीनचा आवाज मोठा आहे, त्यात बोलायचा प्रश्न येत नाही. मी त्या सिमेंटच्या कडेकडेनं गवत कापलं. एकदा जाताना, एकदा येताना. ओलं गवत उडून अण्णांच्या पायांना चिकटलं. त्यांनी पाय हलवला नाही. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यानं हात हलवला, मीही हलवला. पुन्हा एक फेरी मारली. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं, तो होता तिथेच होता. मग मी गवताची पेटी रिकामी करायला घराच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि तिथे लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावला.

परत आलो तेव्हा अण्णा आत गेले होते. बक्षिसाचा मग पायरीवर पालथा ठेवलेला. दोरीखालच्या सिमेंटवर मी वाकून बघितलं, सगळीकडे हात फिरवून बघितला. सिमेंट कोरडं होतं. एक थेंबही पडलेला नव्हता.

त्यावर मी काही बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी ठरल्या दिवशी बॅग भरली. विमानतळावर नातीला जवळ घेतलं, बायकोला म्हणाले, “फार केलंस.” मला म्हणाले, “गवत जरा लांब ठेवत जा, मुळं जळतात.”

ते गेल्यावर चार दिवसांनी बायकोला टॉवेलांच्या कपाटात ते प्लास्टिकचं फोल्डर सापडलं. तिनं ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि बाहेर गेली. अण्णा काही विसरून जाणाऱ्यांतले नाहीत. या गोष्टीला आता आठ महिने झाले. दर रविवारी त्यांचा फोन येतो, गुडघे दुखतात म्हणतात, इकडे पाऊस आहे का विचारतात. फोल्डर टेबलावरच आहे. परवा मी ते पहिल्यांदा उघडून नीट वाचलं. पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपली आहे. एक्स-रेचीही. दोन्ही पहिल्यापासून काढावे लागतील.